फोर बाय फोर आधी घट्ट करा, मग उंच करा

मागच्या डिफ्रन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा, खालचा बोल्ट सैल केला, तेव्हा काळपट सोनेरी तेल यायला हवं होतं. आलं ते दुधाळ, फेसाळ, बराच वेळ उकळलेल्या चहासारखं. दोन महिन्यांपूर्वी, जुलैत, वेल्ह्याकडचा एक ओढा ओलांडला होता. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत. गाडी अडली नाही, बंद पडली नाही, मी आनंदात घरी आलो. पुढचे दोन महिने बेअरिंगं पाणी मिसळलेल्या तेलात फिरत राहिली आणि पिनियनचं बेअरिंग गेलं. गाडीला तेव्हा नवा लोखंडी बंपर होता, टपावर चार दिवे होते, कमानपाट्यांना, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांना, दोन इंच उठाव दिला होता. नव्हती ती एक हातभर रबरी नळी.

त्यानंतर गाडीवर पैसे खर्च करण्याचा माझा क्रम बदलला. आधी देखभाल, मग टायर, मग गाडी ओढून काढायचे हूक, आणि उंची सगळ्यात शेवटी. ज्यांनी नुकतीच जुनी फोर बाय फोर घेतली आहे आणि पुढच्या पावसाळ्यात मुळशी, भोर, मावळ किंवा कोकणातल्या कच्च्या वाटांवर जायचं ठरवलं आहे, त्यांच्यासाठी हा क्रम पहिल्यापासून सांगतो.

उदाहरण मारुती जिप्सी किंगचं घेतोय. माझ्याकडे तीच आहे, आणि शिकायला तिच्यासारखी गाडी नाही. जिप्सी १९८५ साली आली, १२९८ सीसीचं किंग मॉडेल १९९६ मध्ये. चारही चाकांना कमानपाटे, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, वजन जेमतेम टनभर. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) वेगवेगळे, त्यांच्यात एक छोटा शाफ्ट. जे आहे ते डोळ्यांना दिसतं आणि साध्या पान्यांनी खुलतं. थार, जिम्नी, गुरखावाल्यांसाठी काय वेगळं आहे ते पुढे येईल.

पहिला महिना काहीही बसवू नका

गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या आणि मिस्त्रींच्या सोबत स्वतः खाली उतरा. टॉर्च, जुना स्क्रूड्रायव्हर, वही आणि पेन एवढंच लागतं.

सुरुवात चासीपासून, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यापासून. रंग फुगलेला दिसला की स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटा. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. पाट्यांचे शॅकल, म्हणजे टोकाचे झुलते दुवे, जिथे चासीला धरतात, बॉडी माउंट जिथे बसतात आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्ट केलेला असतो, त्या तीन जागा सोडू नका. चासीच्या आत पाणी जाऊ नये असं कितीही वाटलं तरी ते जातंच, म्हणून खालची निचऱ्याची भोकं मोकळी हवीत. जुन्या गाड्यांत ती वर्षानुवर्षांच्या चिखलाने बुजलेली असतात. तारेने मोकळी करा. स्टिअरिंग बॉक्सजवळ तडा दिसला, तर तो नीट होईपर्यंत गाडी गावाबाहेर नेऊ नका.

मग पाटे. मुख्य पाट्याला डोळ्याजवळ (टोकाच्या वेटोळ्याजवळ) किंवा मधल्या बोल्टजवळ तडा आहे का बघा. डावी-उजवी उंची टेपने मोजा: चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत. एका बाजूला फरक लक्षणीय असेल तर पाटे बसलेत. पाटे जागेवर बांधणारे यू-बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) तपासा आणि आकडा मॅन्युअलमधलाच घ्या. नवीन पाटे किंवा यू-बोल्ट टाकले असतील तर पाचशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावेच लागतात. हे बहुतेक जण विसरतात, आणि मग एका उतरणीवर अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो.

आता पुढचं चाक. गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नका, पाच मिनिटांच्या कामासाठीही नाही. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खुळखुळ थांबली तर व्हील बेअरिंग सैल आहे. थांबली नाही तर किंगपिनची, म्हणजे ज्या खिळीवर चाक वळतं तिची, बेअरिंगं गेलीत. हा फरक माहीत नसल्याने लोक चांगली बेअरिंगं बदलतात आणि साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं ते थरथरतंच. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं की टाय-रॉडचे एंड कळतात.

शाफ्टचे क्रॉस, म्हणजे टोकांचे वळते सांधे, मोजून सहा आहेत, तीन शाफ्टांचे दोन-दोन. गाडी न्यूट्रलला ठेवून, चाकांना मागे-पुढे दगड लावून, प्रत्येक शाफ्ट हाताने पिळून बघा. टक् असा आवाज आला की क्रॉस संपलाय. ट्रान्सफर केसचे रबरी माउंटही इथेच बघा. ते फाटले की क्लच सोडताना गाडी दणका देते, आणि दोष बिचाऱ्या क्लचला दिला जातो.

वहीत हे सगळं तारखेसकट लिहा. गाडीचा खरा दाखला ती वही आहे.

तेल आणि श्वास

इंजिन ऑइलची काळजी सगळे घेतात. पुढचं डिफ्रन्शियल, मागचं डिफ्रन्शियल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स या चार पेट्यांना मात्र कोणी वाली नसतो. जुनी गाडी घेतल्यावर चारही तेलं एकदम बदला, आधीचा मालक काहीही सांगो.

बदलताना एक नियम पाळा: आधी वरचा, भरायचा बोल्ट उघडा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालचा आधी उघडला असेल, तर तेल गेलं आणि नवीन भरायला वाट नाही, गाडी तिथेच उभी. तेल थोडं गरम असताना काढा. खालच्या बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी लेप दिसेल, तो चालतो. कपच्या दिसल्या तर क्राउन-पिनियन, म्हणजे आतले मुख्य गिअर, उघडावं लागेल. डिफ्रन्शियलला साधारणपणे जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० लागतं. गिअरबॉक्समध्ये मात्र मॅन्युअल सांगतं तेच भरा, कारण जीएल-५ मधली काही रसायनं सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांना चालत नाहीत. वरच्या भोकातून तेल पाझरायला लागलं की पातळी झाली.

आता ती हातभर नळी. डिफ्रन्शियल चालताना तापतं, आतली हवा पसरते आणि अ‍ॅक्सलच्या वरच्या छोट्या झडपेतून बाहेर जाते. ही झडप म्हणजे ब्रीदर. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की हवा झटकन आकसते आणि आत ओढ तयार होते. ब्रीदर मातीने बुजलेला असेल तर ती ओढ ऑइल सीलच्या ओठातून पाणी आत खेचते. ब्रीदर मोकळा पण पाण्याखाली असेल, तर पाणी त्यातूनच आत जातं. माझ्या चहाचा उगम हाच.

उपाय अर्ध्या दिवसाचा आहे. चारही पेट्यांचे जुने ब्रीदर काढा. त्याच आट्याचे, नळी बसेल असे निपल लावा. तेलाला आणि उष्णतेला टिकणारी नळी घ्या, मत्स्यालयाची पारदर्शक नळी घेऊ नका, ती दोन महिन्यांत कडक होऊन तडकते. अ‍ॅक्सल खाली-वर होतो, म्हणून नळीला पुरेशी ढील ठेवा. चासीच्या कडेने बांधत न्या, एक्झॉस्टपासून लांब, आणि टोकं इंजिनच्या खोलीत फायरवॉलवर शक्य तितकी उंच बांधा. टोकाला छोटा फिल्टर लावा. नळीला कुठेही खोलगट झोल नको, तिथे पाणी साठतं. एवढं केलं की पावसाळ्यातलं अर्धं दुखणं टळतं, आणि याला परवानगी लागत नाही, गाडीचा तोलही बदलत नाही.

पुढच्या चाकांमागचे गोल नकल, म्हणजे चाक वळवणारे सांधे, वंगणावर चालतात, आणि त्यांच्या मागचं फेल्टचं सील चिखल अडवतं. ते सील फाटलेलं असेल तर आत पाणी आणि वाळू जाऊन वंगणाची लापशी होते. सील स्वस्त आहेत, काम किचकट आहे. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, हे उघडाच.

टायर: इथे कंजूषी नको

गाडीची पकड शेवटी चार तळव्यांएवढ्या जागेवर ठरते. लॉकर (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारं कुलूप), लो रेंज (कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर), सगळं त्या चार जागांपर्यंत पोचतं आणि तिथून पुढे काम टायरचं.

आपल्याकडची जमीन एकसारखी नाही. घाटमाथ्यावर काळा कातळ आणि त्यावर शेवाळं. कोकणात जांभ्याची लाल माती, वरून ओली आणि खालून कडक, साबणासारखी. देशावर काळी रेगड, जी टायरच्या खाचांत बसली की सोडत नाही आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. ज्यांची गाडी आठवड्याचे पाच दिवस डांबरावर धावते, त्यांनी ऑल-टेरेन टायर घ्यावेत. मड-टेरेन चिखलात उत्तम, पण ओल्या डांबरावर त्याचा ब्रेक लांबतो. आपल्या पावसाळ्यात ओढ्यापर्यंत पोचायला आधी शंभर किलोमीटर ओलं डांबरच असतं. माझं मत ऑल-टेरेनकडे आहे, आणि ते चुकून एका चिखलात अडकल्यावरही बदललेलं नाही.

मापाचं गणित हाताने करा. किंगचं मूळ माप २०५/७० आर १५. म्हणजे टायरची भिंत २०५ च्या ७० टक्के, १४३.५ मिमी. वर-खाली मिळून २८७, त्यात १५ इंच रिमचे ३८१, एकूण ६६८ मिमी. २१५/७५ आर १५ टाकले तर उंची ७०३.५ होते, सव्वापाच टक्के जास्त. २३५/७५ आर १५ टाकले तर ७३३.५, जवळजवळ दहा टक्के. पण डिफ्रन्शियल जमिनीपासून उचललं जातं ते या वाढीच्या निम्म्यानेच: पहिल्यात सुमारे १८ मिमी, दुसऱ्यात सुमारे ३३ मिमी. त्याची किंमत म्हणजे दुसऱ्या मापात काटा ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६६ वर असाल, घाट चढताना एक गिअर खाली लागेल, ब्रेकवर ताण येईल, आणि पूर्ण वळणावर टायर पाट्याला किंवा मडगार्डला घासेल. छोट्या इंजिनाला २१५/७५ झेपतात. त्यापुढे जायचं असेल तर गिअरचं प्रमाण बदलण्यापर्यंत विषय जातो.

हवेबद्दल. कच्च्या वाटेवर शिरायच्या आधी हवा कमी करा. टायर लांबट पसरतो आणि दगडाला कवेत घेतो. जिप्सीएवढ्या हलक्या गाडीला मी १८ पीएसआयपासून सुरुवात करतो, खूप चिखल असेल तर १५. त्याखाली साध्या रिमवर टायर निखळायची भीती असते, विशेषतः वळताना. हवा कमी असताना वेग तिशीच्या आत ठेवा. डांबर लागलं की आधी हवा भरा, मग निघा. त्यासाठी बॅटरीच्या टोकांना थेट जोडायचा पंप आणि चांगला गेज गाडीत हवा. लायटरच्या खाचेत लावायचे छोटे पंप चौथ्या टायरपर्यंत तापून बंद पडतात. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची हवी. वेगळ्या मापाचं चाक लावून फोर बाय फोरमध्ये चालवलं तर ट्रान्सफर केसवर विनाकारण पीळ बसतो. त्याच कारणाने कोरड्या डांबरावर ४एच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा नेहमीच्या वेगाचा गिअर, टाकू नका. या गाड्यांना मधलं डिफ्रन्शियल नाही, वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो फरक शाफ्टमध्ये साठत जातो.

ओढून काढायचे हूक, जिथे माणसं जखमी होतात

हा भाग सावकाश वाचा. गाडी बिघडली तर दुरुस्त होते.

कंपनीने खाली दिलेली कडी पुष्कळदा गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी असते, चिखलातून उपटण्यासाठी नसते. बंपरला वेल्ड केलेला हूकही उपयोगाचा नाही, कारण बंपर चासीला दोन-चार बोल्टांवरच लटकलेला असतो. पुढे दोन आणि मागे किमान एक अशी जागा हवी जिथे जाड पट्टी थेट चासीच्या दांडीला बोल्ट केलेली आहे, आतून आधाराची प्लेट आहे, आणि बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे आहेत. बोल्टच्या डोक्यावर तो आकडा कोरलेला असतो, बघून घ्या. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोरी कधीच अडकवू नका. तो तुटला तर तोफगोळ्यासारखा समोरच्या काचेतून आत येतो. असे मृत्यू झालेले आहेत.

सोबत ठेवायचं सामान: ताणली जाणारी कायनेटिक दोरी, न ताणणारा पट्टा, झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, दोरी गाडीला अडकवायच्या दोन भक्कम लोखंडी कड्या (यांनाही शॅकलच म्हणतात), फावडं, जाड हातमोजे. शॅकलवर त्याची भारक्षमता उठवलेली असते, जिप्सीला ३.२५ टनाचा पुरतो. आकडा नसलेला शॅकल दुकानातच सोडा.

गाडी अडकली की आधी खाली उतरा आणि फावडं घ्या. चाकांपुढची माती, पोटाखाली टेकलेला दगड, हे मोकळं केलं की निम्म्या वेळा दोरी लागतच नाही. चाक गरागरा फिरवत बसलात तर गाडी अ‍ॅक्सलवर बसते आणि काम तिप्पट होतं. तरीही निघाली नाही तर हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा आणि ज्या वाटेने आत आलात त्याच वाटेने मागे यायचा प्रयत्न करा.

दोरी लावायची वेळ आली तर बघणाऱ्या सगळ्यांना दोरीच्या लांबीच्या दीडपट लांब पाठवा, आणि बाजूला, सरळ रेषेत नाही. खुणा एकच माणूस करेल. शॅकलची पिन पूर्ण आवळून किंचित उलटी फिरवा, म्हणजे ताणानंतर ती अडकत नाही. दोरीच्या मध्यावर ओलं गोणपाट किंवा जाड घोंगडी टाका, तुटली तर झेप कमी होते. दोन दोऱ्या जोडायच्या असतील तर मध्ये लोखंडी शॅकल घालू नका, दोरी तुटली की तोच गोळीसारखा सुटतो. ओढणाऱ्याने पहिला झटका हलकाच द्यावा, आणि जमलं नाही तर थोडा वाढवावा. न ताणणाऱ्या पट्ट्याने झटका देऊ नका. त्याने सावकाश, ताण ठेवून ओढायचं असतं.

विंचचा, म्हणजे ड्रमवर तार गुंडाळत गाडी ओढणाऱ्या यंत्राचा, विचार करत असाल तर तिची क्षमता सामानासकट गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट हवी. लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराला मिळते, वर थर चढत जातील तशी ती घटते. पुली लावली तर ओढ जवळपास दुप्पट आणि वेग निम्मा. झाडाला नुसती तार बांधू नका, साल कापली जाऊन झाड मरतं. रुंद पट्टा त्यासाठीच आहे. एकट्याने जाणाऱ्याला विंच लागते. दोन-तीन गाड्यांनी जाणाऱ्याला चांगली दोरी पुरते, आणि एकट्याने जाऊच नये असं मला वाटतं.

पाणी, स्नॉर्कल आणि त्याचा गैरसमज

स्नॉर्कल इंजिनची हवा उंचावरून घेते, बस. ती गाडीला होडी करत नाही. ब्रीदर खाली असतील, स्नॉर्कलचे सांधे गळके असतील किंवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली ओल गेली असेल तर वर चढवलेल्या नळकांड्याचा उपयोग नाही. धुळीच्या वाटेवर मात्र एअर फिल्टर जास्त टिकतो, हा तिचा खरा फायदा.

ओढा आधी पायी ओलांडून बघा, हातात काठी घेऊन. तुम्हाला चालत जाता येत नसेल तर गाडीही नेऊ नका. वाहत्या पाण्याचा हिशेब वेगळा आहे: दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना तरंगवून वाहून नेतं, आणि जिप्सी तर हलकी आहे. घाटातल्या ओढ्यांना वरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाने दहा मिनिटांत लोंढा येतो, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. पाणी गढूळ होऊ लागलं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, की थांबा. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर बघा. तो ओला असेल तर प्लग काढून इंजिन फिरवा, पाणी बाहेर पडू द्या. डिझेल गाडीला हे रस्त्यात करू नका, टो करून न्या.

उंची

आता लिफ्ट. दोन इंचांचा उठाव बॉडी आणि चासी वर नेतो, डिफ्रन्शियल तिथेच राहतं. त्याला उचलतात ते टायर. म्हणून लिफ्टचा खरा उपयोग मोठ्या टायरला जागा करणं आणि चढ-उताराचे कोन सुधारणं, एवढाच आहे.

पाट्यांना लांब शॅकल लावून उंची मिळवणं सगळ्यात स्वस्त, आणि मला सगळ्यात नावडतं. पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन फिरतो, स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, गाडी रस्त्यावर भटकते. करायचंच असेल तर चांगल्या कमानीचे नवे पाटे आणि त्याच लांबीचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकत्र घ्या, दोन इंचांच्या वर जाऊ नका, आणि लगेच ही यादी तपासा: ब्रेकच्या रबरी नळ्या पूर्ण खाली लटकलेल्या अ‍ॅक्सलला ताणल्या जातात का, शाफ्टचे क्रॉस तिरके होऊन थरथर येते का, स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकचा कोन वाढून खड्ड्यात चाक स्वतःहून वळतं का. शेवटी व्हील अलाइनमेंट.

थारच्या २०२० च्या मॉडेलला आणि २०२१ च्या गुरखाला पुढे इंडिपेंडंट सस्पेंशन आहे, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र खाली-वर होतं. तिथे उठाव दिला की सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाकाला ताकद पोचवणाऱ्या वळत्या सांध्याचा, कोन वाढतो, रबरी बूट फाटतात आणि जॉइंट जातो. जिम्नीला दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग. तिथे अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून त्याला आडवा धरून ठेवणारा, लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड लागतो. गुरखाला स्नॉर्कल आणि दोन्ही अ‍ॅक्सलना लॉक कंपनीकडूनच येतात, तिच्या मालकांनी फक्त टायर आणि देखभालीकडे बघावं. थारची पाण्यात उतरायची मर्यादा कंपनी ६५० मिमी सांगते. नवीन गाडी असेल तर वॉरंटीत काय बसतं ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

कायदा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं, आणि त्यामागचं कारण मला पटतं: तो बंपर पादचाऱ्याला चिरडतो आणि धडकेचा धक्का थेट चासीवर नेतो. मी माझा काढून टाकला.

पंधरा वर्षं झालेल्या जिप्सीला पुनर्नोंदणीसाठी पासिंगला न्यावंच लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि तिथे रंग, इंजिन, बॉडी हे सगळं आरसीशी ताडलं जातं. अपघातात विमा कंपनीही हेच बघते. ब्रीदर, खालची संरक्षक पट्टी, चांगले शॉक, दोरी, पंप यांनी गाडीची ओळख बदलत नाही, आणि नव्वद टक्के काम यांनीच होतं.

जमिनीचाही कायदा आहे. अभयारण्यात आणि राखीव वनात परवानगीशिवाय शिरू नका. सड्यांवर, म्हणजे कासपासून कोकणापर्यंतच्या उघड्या कातळपठारांवर, चाक घालूच नका. त्या बोटभर मातीत पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या वनस्पती एका टायरच्या रेषेने वर्षानुवर्षांसाठी जातात. भातखाचराच्या बांधावरून गाडी नेऊ नका, तो बांध कुणीतरी हाताने घातलेला आहे. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणं बहुतेक ठिकाणी बंद आहे, आणि खारं पाणी चासीला जे करतं ते कुठल्याही रंगाने भरून येत नाही.

घरी आल्यावर

चिखलातून परत आलात की त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, हे करा. वाळलेली माती ओल धरून ठेवते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

पाण्याचा जोर मध्यम ठेवून खालून धुवा: चासीच्या आतल्या बाजू, पाट्यांमधल्या फटी, मडगार्डच्या आतल्या कडा. प्रेशर वॉशरचं टोक ऑइल सीलवर, ब्रीदरवर आणि वायरिंगच्या जोडांवर रोखू नका. रेडिएटर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवा, उलट दिशेने मारलं तर माती आणखी आत बसते. मग पुढचा घाट चढताना तापमानाचा काटा लालात जातो.

मागचे ड्रम काढून आतली माती झटका, नाहीतर लायनर आणि ड्रम दोन्ही घासतात. सगळ्या ग्रीस निपलना, म्हणजे शाफ्टच्या क्रॉसना आणि सरकत्या जोडाला, ग्रीस गनने ताजं ग्रीस द्या आणि जुनं पाणीदार ग्रीस पूर्ण बाहेर येईपर्यंत थांबू नका. निपलवर माती असताना गन लावली तर ती मातीच आत जाते, आधी पुसा. मग एक-दोन दिवसांनी, गाडी उभी राहून पाणी खाली बसलं की, प्रत्येक डिफ्रन्शियलचा खालचा बोल्ट थोडा सैल करा. पहिला थेंब पाण्याचा आला किंवा तेल दुधाळ असेल तर पूर्ण बदला, हजार किलोमीटरपूर्वीच बदललेलं असलं तरी. शेवटी यू-बोल्ट, चाकांचे नट आणि पाट्यांच्या शॅकलचे बोल्ट आवळून बघा.

मे महिन्यात खालून जळकं ऑइल मारायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ती सोडा. रबरी बुश फुगतात, तेल पहिल्याच ओढ्यात उतरून शेतात जातं. त्याऐवजी गाडी पूर्ण सुकवून चासीच्या पोकळीत मेण असलेलं गंजरोधक फवारा, आणि निचऱ्याची भोकं बुजणार नाहीत याची काळजी घ्या.

वर्षाचं वेळापत्रक माझ्यापुरतं असं बसलं आहे: अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला ब्रीदर, ब्रेक, वायपर, बॅटरी आणि टायर. पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर धुणं आणि ग्रीस. पाऊस ओसरला की नवरात्राच्या आत चारही पेट्यांची तेलं आणि सगळे बुश. नकलची सीलं दिवाळीनंतर निवांत. खंडेनवमीला पाने आणि जॅक पूजेला मांडायचे असतात, तेव्हा त्याच्या आदल्या दिवशी ते घासून, आट्यांना तेलाचा हात देऊन ठेवा. चार महिने गाडीच्या मागे ओल्या गोणपाटात पडलेला जॅक लागेल तेव्हा फिरत नाही.